लेबर रूमचा बाक

आमच्या घरात वहिनी आबांशी बोलायची नाही. म्हणजे भांडण वगैरे काही नव्हतं हां! सून सासऱ्यासमोर बोलत नाही, एवढंच. आबांना खानदेश सोडून सुरतला येऊन कितीतरी वर्षं झालेली, पण ही रीत ट्रंकेत घालून सोबतच आणलेली. राहायचं एकाच खोलीत, आणि मधे मी.

"तुझ्या वहिनीला विचार, भाकरी झाल्या का."

वहिनी तिथेच, स्टोव्हसमोर, हातभर अंतरावर, पदर नाकापर्यंत. "ताई, आबांना सांगा, झाल्या."

मी मान इकडे वळवून सांगायची, मग तिकडे वळवून. खरं सांगू? मला आवडायचं ते. वाटायचं, माझ्याशिवाय हे घर चालणारच नाही.

त्यात मी नववीत, आणि इंग्रजीत बरी. मराठी शाळा, पण आमच्या गल्लीत तेवढंही कोणाला येत नव्हतं. औषधाची बाटली आली की माझ्याकडे, नोटीस आली की माझ्याकडे. आबा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मनी पोर इंग्रजी फाडफाड वाचस!" 'मनी पोर', म्हणजे माझी पोर! मी आतून ऐकायची आणि उगाच मोठ्याने वाचायला लागायची.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, त्यामुळे वहिनी पुढच्या आठवड्यात गावी जाणारच होती. माय आधीच गावी गेलेली, मावशीकडे लग्न होतं. आणि नेमकं तेव्हाच एका दुपारी वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. दादा लूमवर, दिवसपाळी. घरात मी आणि आबा, ते रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. आबा म्हणाले, "तिले इचार, रिक्षा आणू का?" मी विचारलं. वहिनीने मान हलवली.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, ती आत्ताच सांगून टाकते. बाळ सकाळपासून हललं नव्हतं. वहिनीला ते कळत होतं, पण सांगणार कोणाला? मी कुवारी पोर, असल्या गोष्टी माझ्याजवळ काढायच्या नाहीत. आबा सासरे. शेजारच्या मावशी कामावर. रिक्षात ती माझा हात असा दाबत होती की माझ्या बांगड्या रुतल्या. मला वाटलं, कळा येतायत म्हणून.

हॉस्पिटल ट्रस्टचं होतं, स्वस्तातलं. भिंतीभर संगमरवरी पाट्या, अमुक शेठने पंखे दिले, तमुक शेठने पाण्याची टाकी दिली. मी वाचत वाचतच चाललेली, ती सवयच झाली होती मला. आयाबाईने वहिनीला हाताला धरून एका दाराकडे नेलं. त्या दारावर पाटी, वर गुजरातीत, खाली इंग्रजीत. मी वाचलं ते फक्त इंग्रजी. लेबर रूम.

आता बघा. आबा ज्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात होते, तिथे दोन गेट. एक शेठलोकांचं, दुसऱ्यावर लिहिलेलं, लेबर गेट. पाण्याची टाकी वेगळी, लेबरसाठी. जेवायची शेड, लेबरची. सुरतेत आम्हाला लोक हाक मारायचे तीसुद्धा तशीच, "ए लेबर!" आणि माझ्या शब्दकोशात पण तेच, लेबर म्हणजे मजूर, श्रम. मी पुढचं वाचलंच नव्हतं. पहिला अर्थ मिळाला की मी पान उलटायची, मला घाई!

मी एवढी खूश झाले! "आबा, आपल्या लोकांसाठी वेगळी खोली आहे! कोणत्यातरी शेठने दिली असेल. चला ना, बाहेर कशाला उभे राहता?"

आबा जरा थबकले. मग पाटीकडे बघून म्हणाले, "चाल मग." दारात चपला काढल्या, पिशवी छातीशी धरली आणि आत गेले. आत भिंतीला लागून एक बाक, त्याच्यापुढे हिरवा पडदा. पडद्यामागे खाट, खाटेवर वहिनी. आयाबाई पाणी आणायला गेलेली, सिस्टर पाठमोरी. कोणी पाहिलंच नाही. आबा बाकाच्या अगदी टोकावर बसले, कारखान्यात मुकादमासमोर बसायचे तसे. मी पडद्याआड गेले, वहिनीजवळ. तिला हळूच सांगितलंसुद्धा, "घाबरू नका, आबा इथेच आहेत, बाकावर." वहिनीने डोळे मिटले.

सिस्टर आली. गुजराती होती, आवाज कडक. "बेन, क्यारथी दुखे छे? कधीपासून?"

वहिनी गप्प.

"पाणी पडलं? बच्चा फरे छे? हलतंय?"

वहिनीने पदर दातात धरला. मान नाही, हूं नाही, काही नाही. पडद्याला आबांच्या गुडघ्यांचा फुगवटा आलेला, एवढे जवळ ते बसलेले. ती त्याच्याकडेच बघत होती. मी पण बघितलं, पण माझ्या डोक्यात प्रकाशच पडला नाही.

"गूंगी छे?" सिस्टर मला म्हणाली. "तू बोल. कंप्लेंट शुं छे?"

दवाखान्यात कंप्लेंट म्हणजे काय त्रास होतोय ते, हे मला कुठे ठाऊक! मला वाटलं, हिच्याबद्दल कोणी तक्रार केली की काय! मी घाईघाईने सांगितलं, "नाही नाही, काही कंप्लेंट नाही. फार चांगली आहे आमची वहिनी."

सिस्टरने माझ्याकडे असं बघितलं! तेवढ्यात डॉक्टरीण बाई डोकावल्या, हातात दुसऱ्याच कोणाचा कागद. "हिस्ट्री?" सिस्टर म्हणाली, "कंई बोलती ज नथी. आ छोकरी के छे, कंप्लेंट नथी." बाई म्हणाल्या, "तो रहने दो, पहले उधरवाली को देखते हैं," आणि वळल्या. सिस्टरही त्यांच्यामागे निघाली.

आणि वहिनी ओरडली.

"आबा! बाहेर जा! तुमना पाया पडस, बाहेर जा ना!"

मी तिचा असा आवाज कधीच ऐकला नव्हता. मी काय, घरात कोणीच नाही. जाड, फाटलेला, जसं काही आतून ओढून काढलेला. बाकाचा पाय फरशीवर करकरला. सिस्टरने सर्रकन पडदा बाजूला केला, तर समोर आबा, उभे, पिशवी हातातून सुटलेली, डबा लांबवर घरंगळत चाललेला.

"अरे काका! तमे अहीं? शरम नथी आवती? आ लेबर रूम छे!"

आबा बावरले. शेठसमोर बोलायचे त्याच गुजरातीत म्हणाले, "हुं लेबर ज छुं, बेन."

आयाबाई बादली घेऊन दारात आलेली. ती एवढी हसली की पाणी सांडलं. "काकाने डिलिवरी आवी!" बाहेर बाकड्यांवर बायकाच बायका बसलेल्या, त्यांना ऐकू गेलं, त्याही हसल्या. आबा त्यांच्यामधून गेले, अनवाणी. चपला तिथेच राहिल्या.

पडद्याआड वहिनी आता रडत बोलत होती, थांबतच नव्हती. "सकायपासून हालत नही, बाई. सकायपासून हालत नही." डॉक्टरीण बाई परत आल्या, पोटाला नळी लावली, कान लावला, आणि मग सगळे पळायलाच लागले. मला कोणीतरी खांद्याला धरून बाहेर ढकललं.

बाहेर आले तर बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीने विचारलं, "तारा पप्पा?" मला वाटलं, नाही, माझे कोणी नाहीत म्हणावं. खरंच वाटलं. मी मान खाली घालून चपला उचलल्या, आबांच्या, आणि चालायला लागले. पुढच्या दारावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, मी ते वाचलं नाही. कानाच्या पाळ्या गरम झालेल्या.

आबा अंगणातल्या नळाजवळ, भिंतीकडे तोंड करून उभे. मी चपला ठेवल्या.

"आबा, मीच म्हटलं ना, आपली खोली..."

"चूप ऱ्हाय."

"मला माहीत नव्हतं."

"माले मालूम व्हयाला पाहिजे व्हतं," आबा म्हणाले. "अशी ओरडनी ती. अशी ओरडनी! मी तिले एवढा परका..." नळ चालू करून उगाच हात धूत राहिले. मग विचारलं, "काय हालत नही म्हणे?"

त्यांनी ऐकलं होतं. मी सांगितलं. आबांनी नळ बंद केला आणि तिथेच खाली बसले, चिखलातच. त्यानंतर आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. आत जाऊन विचारायची माझी हिंमत होईना. त्या बायकांमधून परत जायचं! आत बाळाचं काय झालं असेल, आणि मी इथे त्या हसण्याला घाबरून बसलेली.

शेवटी आयाबाईच आली. आता हसत नव्हती. "काका, बेबी आवी. ऑपरेशन कर्यूं. रडी पण." तिच्यामागून डॉक्टरीण बाई आल्या, मास्क गळ्यात. म्हणाल्या, "पेशंट ने बोला इसलिए. थोडा और लेट होता तो बच्ची नहीं मिलती." आणि गेल्या.

आबांनी डोक्याला रुमाल बांधला, परत सोडला, परत बांधला. आत मात्र गेले नाहीत. संध्याकाळी शेजाऱ्यांकडून कळल्यावर दादा तसाच धावत आला, केसांत लूमवरच्या धाग्यांचे तंतू, विचारतोय, "काय झालं, कसं झालं?" आबा म्हणाले, "तू जाय, दखी ये." त्यानंतरही आबा रोज गेटपर्यंतच यायचे, डबा माझ्या हातात द्यायचे आणि परत फिरायचे.

मग वहिनीची आई गावाहून आली. आयाबाईने तिला सगळं रंगवून सांगितलेलं. झालं! तिने वॉर्डातच कपाळावर हात मारून घेतला. "सासरावर वरडनी? बठ्या लोकस्ना समोर? काय तोंड दखाडू मी आते?" वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली, टाके दुखत असतील, पण पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. बाळ तिच्या कुशीत, काळंसावळं, मुठी आवळलेलं. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका कान टवकारून. मी पाण्याच्या तांब्याकडे बघत बसलेली.

तिची आई उठली ती थेट गेटवर. पाठोपाठ मी. तिने आबांचे पाय धरले. "भाऊ, पोर चुकनी, माफ करा."

आबा दोन पावलं मागे सरले. मग चपला काढल्या, तिथेच, गेटवर, आणि अनवाणी चालायला लागले. बाकड्यांसमोरून, त्या लेबर रूमच्या दारासमोरून, थेट बायकांच्या वॉर्डापर्यंत. दारातच थांबले. चौकटीला धरलं.

मला वाटलं, आता म्हणतील, वहिनीला विचार. मी पुढे झाले, सवयीने. आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. नजर फरशीवर, पण बोलले ते सरळ खाटेकडे, घसा खाकरून.

"बेटा, आते थांबू का बाहेर जाऊ?"

वहिनीने बाळाभोवतीचं दुपटं नीट केलं. मग पदराआडून, इतकं बारीक की मी पुढे वाकले ऐकायला,

"थांबा ना, आबा."