प्रयोगशाळेवरचं नाव

सांगलीत हळदीच्या तपासणीची नवी प्रयोगशाळा झाली आणि तिला माझं नाव दिलं गेलं. हळदीचा रंग उजेडात उतरू नये म्हणून जी रीत माझ्या नावावर सांगितली जाते ती माझी नाही, हे मी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. ती अमेरिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईची. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "फळांनी लगडलेलं झाड वाकतंच." आपल्याकडे सत्काराला उत्तर देताना सगळेच श्रेय दुसऱ्याला देतात, माझंही तसंच धरलं गेलं.

साताऱ्याला परतताना बायको म्हणाली, "श्रेय तिचं, मग शाल तुम्ही कशी आणलीत?"

त्या अमेरिकेतल्या बाईची आई हॉटेलातल्या चादरी धुवायची. ती स्वतः आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागली, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पदवी मिळवली, आणि मी पोचलो तेव्हा तिथंच डॉक्टरेट करत होती. तरी नवी माणसं तिच्या हातात वापरलेली भांडी द्यायची. ती धुवून परत करायची आणि म्हणायची, "आता यात काय करणार तेही सांगा. चुकत असेल तर आत्ताच सांगते."

हळदीचे प्रयोग तिचे. प्राध्यापक मात्र मला विचारत, कारण हळद माझ्या मुलखातली. मी उत्तरं देत गेलो. शोधनिबंधावर माझं नाव आधी आलं. "तू काहीच बोलला नाहीस?" एवढंच तिनं विचारलं. पुढं ती एका रंगांच्या कंपनीत संशोधन विभागाची प्रमुख झाली, हे मला इतरांकडून कळलं.

प्रयोगशाळेत असताना दुपारी ती हळद कशी उकडतात ते विचारायची. मी सांगायचो: काहिलीची वाफ, खळ्यावर पसरलेली हळद, आठवडाभर पिवळे राहणारे हात. "एकदा बघायला येईन," म्हणायची. मी विषय बदलायचो. ती आली असती तर काम कुणाचं हे इथं सगळ्यांना कळलं असतं.

मागच्या आठवड्यात मी नाव बदलण्याबद्दल लेखी कळवलं. अध्यक्षांचा फोन आला. "आवं सर, लय झालं आता. फलक संगमरवरी हाय."

त्याच संध्याकाळी मी तिला ईमेल केला. हळद उकडायला लागलेत, ये, असं लिहिलं. फलकावर काय आहे तेही लिहिलं. उत्तर आलेलं नाही. हंगाम अजून महिनाभर आहे.