आमच्याच घरात आलेला त्यांचा माल

आठवा महिना लागला आणि माझे तळहात खाजायला लागले. सासूबाई खूश झाल्या, पैसे येणार म्हणाल्या. मग तळपायही खाजायला लागले, तेव्हा त्यांनी प्रवासही जोडून दिला. प्रवास घडला तो केडगावहून दौंडच्या डॉक्टरीणबाईंकडे, आणि पैसे आले नाहीत, रक्ताच्या तपासणीत गेले.

हा कातडीचा आजार नाही, यकृताचा आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गरोदरपणात काही जणींचं पित्त नीट वाहत नाही, रक्तात साठतं आणि खाज सुटते. बाळंतपणानंतर ते आपोआप बरं होतं. "पण तोवर त्रास तुम्हाला आणि धोका बाळाला," त्या म्हणाल्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, पुन्हापुन्हा रक्त तपासायला बोलावलं, बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. गरज पडली तर दिवस भरायच्या आधीच बाळंतपण करू, असंही म्हणाल्या. येताना गाडीत मी पोटावरचा हात काढला नाही.

आमचे हे कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पावडर भरायच्या खात्यात आहेत. तेवढ्यावरून आमची आळी त्यांना अर्धा डॉक्टर समजते. कुणाचा गुडघा, कुणाची सर्दी, एकदा तर शेजारची म्हैस, सगळ्यांना ह्यांचा सल्ला फुकट. मी गोळ्यांचं पाकीट पुढं केलं. नाव वाचून ह्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो तर आमचाच माल हाय."

"मग बरंच झालं की," मी म्हणाले.

"बरं कसलं? हातमोजं, मास्क, टोपी घातल्याबिगर आम्ही त्याच्या जवळ जात न्हाई. आन् तू गिळणार?"

पाकीट कपाटावर गेलं. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरला विचारू, असं ठरलं. म्हणजे त्यांनीच ठरवलं. गावाला औषधं सांगणारा माणूस घरातल्या एका गोळीला भ्याला होता. मला हसू येत होतं, रागही येत होता, आणि खरं सांगायचं तर भीती सगळ्यात जास्त वाटत होती. सुट्टीची वाट मी बघितली असती, पण बाळाला ती परवडणार होती का?

सासूबाई लसूण सोलत सगळं ऐकत होत्या.

"व्हय रे, ते हातमोजं कशापायी घालत्यात?"

ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं उत्तर लगेच आलं. "आपला घाम, केस, घाण मालात जाऊ नये म्हणून."

बोलता बोलता ह्यांची नजर कपाटावरच्या पाकिटाकडे गेली.

"म्हंजी गोळीला तुझ्यापासनं जपत्यात," सासूबाई म्हणाल्या. "काढ खाली. आन् तिला पाणी आणून दे."

ह्यांनी पाकीट काढलं, पाणीही आणलं. पुढं तर ड्यूटीवरून जेवायच्या सुट्टीत फोन यायचा तो जेवलीस का विचारायला नाही, गोळी घेतली का विचारायला. खाज पुरती गेली नाही, पण रक्ताचे रिपोर्ट सुधारले. डॉक्टरीणबाईंनी दिवस भरायच्या थोडं आधीच दवाखान्यात दाखल करून घेतलं, आणि मुलगी झाली. रडली अशी की बाहेर सासूबाईंना निरोप द्यायला कुणाला जावं लागलं नाही.

हे तिला घेऊन बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, "आता घाबरायचं काय राहिलंय?"

"इतकी वर्सं भरतोय मी ती पावडर," ते म्हणाले, "पर ती कुणाच्या पोटात जाती, ह्याचा इचार कवा केलाच न्हवता."