चपला बाहेर, लाईटवाला आत

आधी तो चपला काढायचा. उंबऱ्याबाहेर, दोन्ही शेजारी शेजारी, तोंडं रस्त्याकडे करून. मग अनवाणी आत येऊन बोर्डाला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि त्यानंतर खिशातून टेस्टर काढायचा.

"आधी नमस्कार, मग टेस्टर," असं त्याचं म्हणणं.

मी म्हणायचे, आधी चप्पल, मग टेस्टर. तो हसायचा आणि अनवाणीच कामाला लागायचा.

असा लाईटवाला तुमच्याही गल्लीत असेल. बिदरच्या आमच्या गल्लीत त्याला सगळे अण्णा म्हणत. आमच्याशी मराठीत बोलायचा, समोरच्या दुकानदाराशी कानडीत आणि गंजलेल्या स्क्रूशी दखनीत. दर पुनवेला गाणगापूरला जायचा. पादुकांचं दर्शन चुकलं तर महिनाभर हात थरथरतो म्हणायचा. शॉक लागला की चिडायचा नाही. "पावती मिळाली," म्हणायचा.

अशा माणसाला तुम्ही काय सांगणार?

मी सांगत होते. मी वीज-सुरक्षेची पत्रकं काढते, गल्लोगल्ली वाटते, आणि लोक ती भज्याखाली घेतात हेही मला ठाऊक आहे. त्या पत्रकात सगळ्यात जाड अक्षरात एकच वाक्य होतं: रबरी तळाची चप्पल घातल्याशिवाय विजेच्या कामाला हात लावू नका. पहिली प्रत मी अण्णाच्या हातात दिली. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली, कागद चांगला आहे म्हणाला, तिच्या चार घड्या घातल्या आणि आमच्या हलणाऱ्या बोर्डामागं पाचर म्हणून बसवली. ती आजही तिथंच आहे. बोर्ड हलत नाही.

मग वहिनीनं ओव्हन घेतला. तिला केकच्या ऑर्डरी मिळायला लागल्या होत्या आणि लहान ओव्हन पुरत नव्हता. मोठा ओव्हन स्वयंपाकघरात येऊन बसला, आणि अण्णानं बघताक्षणी निकाल दिला की गिझरच्या लाईनीतूनच ह्याला करंट देऊ.

"गिझर सकाळी चालतोय, ओव्हन दुपारी. दोघं भांडतील कामून?"

"आणि दिवाळीत पहाटे दोन्ही लागले तर?"

"मग लीडर अक्का हायत की आमच्या. सोडवतील भांडण."

मी हटले नाही. मोठा ओव्हन बराच वेळ भरपूर करंट ओढतो. जुनी बारीक वायर भिंतीच्या आत तापत राहते आणि ते कुणाला दिसत नाही. म्हणून एमसीबीच्या डब्यापासून ओव्हनपर्यंत जाड तांब्याची वेगळी वायर, लोड वाढला की पडणारा तिचा स्वतःचा एमसीबी, करंट गळला तर लाईन पाडणारा आरसीसीबी आणि खरंखुरं अर्थिंग हवं. खरंखुरं म्हणायचं कारण असं की आमच्या घराचं अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेलं होतं. पाइप कधीच प्लास्टिकचा झाला होता. अर्थिंगची वायर तेवढी इमानानं त्याला मिठी मारून होती.

अण्णा कुरकुरला, पण ऐकलं. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी अंगणातल्या लाल दगडात पहार मारताना त्यानं माझ्या चळवळीचा तीन भाषांत उद्धार केला. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून झाल्यावर मात्र वहिनीला बजावलं, की उन्हाळ्यात इथं रोज बादलीभर पाणी घाल, तुळशीला घालतीस तसं.

राहिलं डब्यातलं जोडकाम. खरा तमाशा तिथं झाला.

आमचा डबा स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि त्याला लागून देवघर. आईनं नुकतीच शहाबादी फरशी पुसलेली. अण्णानं नेहमीसारख्या दारात चपला काढल्या. मी त्या उचलून आत आणल्या आणि त्याच्या पायाशी ठेवल्या. आई उठलीच.

"आत देव हायत. त्यो बिचारा आपणहून काढायलाय, तुला कामून पोटदुखी?"

मी म्हटलं, ओली फरशी, उघडा डबा, अनवाणी माणूस. आणखी काय हवंय? आई म्हणाली, इतकी वर्षं काही झालं का? मी म्हटलं, ओव्हन पोचवायला कंपनीचा माणूस बूट घालून थेट इथपर्यंत आला, त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं म्हणून देव काही बोलले नाहीत वाटतं. यावर आई देवघराकडं तोंड करून बसली. अण्णानं तेवढ्यात गुपचूप चपला बाहेर नेऊन ठेवल्या.

मग मी जेवणाचा पाट आणला. लाकडी आहे, यावर उभं राहा म्हटलं. अण्णा मागं सरकला. ज्या पाटावर माणूस जेवतो त्याच्यावर पाय कसा देऊ? मी पत्रकांचा गठ्ठा आणून आपटला. त्याला तर त्यानं हात जोडले. कागद म्हणजे सरस्वती. माझं डोकं फिरलं. या देशात माणसाच्या पायाखाली ठेवायला देव नसलेली एकही वस्तू नाही का?

वहिनी गेली आणि ओव्हनच्या खोक्यातला थर्माकोलचा जाड तुकडा घेऊन आली. अण्णानं तो उलटसुलट करून पाहिला.

"थर्माकोलात देव न्हाई," असं म्हणून त्यावर चढला.

कर्रकर्र आवाज झाला आणि आईसुद्धा हसली. त्यानं मेन स्विच पाडला. मी म्हटलं, मेन पाडला तरी मीटरकडून येणाऱ्या वरच्या स्क्रूंत करंट राहतोच, तिकडं बोट नेऊ नका. "म्हाईत हाय," तो म्हणाला. "त्यो झोपतच न्हाई." टेस्टर लावून त्यानं खात्री केली, वायरी जोडल्या, एकेक स्क्रू आवळून पाहिला. शेवटी मेन चालू करून आरसीसीबीचं टेस्टचं बटन मला दाबायला लावलं. खट्‌ करून लाईन पडली. पहिलं पाऊल टाकणाऱ्या लहान मुलाकडं बघावं तसं त्यानं त्या डब्याकडं पाहिलं.

ओव्हनमधला पहिला केक वहिनीनं बिनअंड्याचा केला. गुरुवार होता आणि अण्णाला खायचा होता.

पुढच्या उन्हाळ्यात आळंदकडच्या एका खेड्यात तो लाईन वाढवायला गेला. नवं घर, नुकतीच वास्तुशांत झालेली, फरशी धुतलेली. मेन पाडलेला होता. वरच्या स्क्रूला हात लागला. लोक धावले तेव्हा उंबऱ्याबाहेर त्याच्या चपला शेजारी शेजारी होत्या, तोंडं रस्त्याकडे.

मातीला आलेली माणसं म्हणत होती, त्याची वेळ आली होती. एक जण म्हणाला, पुण्यवान, देवघरासमोर गेला. मला कुणाची तरी गचांडी धरावीशी वाटली. वेळ आली नव्हती हो. चपला काढल्या होत्या. त्याला म्हाईत होतं, त्या घराला म्हाईत नव्हतं, आणि म्हाईत असतं तरी त्यांनी म्हटलं असतं, आत देव हायत.

त्यानंतर आईनं वहिनीच्या हातातून बादली घेतली. उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी तीच घालायची.

परवा वहिनीच्या नव्या मिक्सरसाठी लाईन वाढवायची होती. नवा लाईटवाला आला, तरणाताठा. दारात आला आणि त्यानं सँडल काढले. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, घालून ये. तो लाजला. "न्हाई अम्मा, आत देव हायत." आईनं पुन्हा सांगितलं. तो ऐकेना. मला वाटलं, आता पुन्हा पाट, पुन्हा गठ्ठा.

आईनं माळ्यावरून थर्माकोलचा तुकडा काढला आणि डब्याखाली ठेवला. अण्णाचे दोन्ही पाय त्यात अजून स्पष्ट उमटलेले आहेत. टाचा खोल, बोटं किंचित पुढं झुकलेली.

पोरगा थबकला. वाकून बघितलं आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"अम्मा, पावलं हायत की ह्याच्यावर. कसा पाय देऊ?"

"देवाची न्हाईत," आई म्हणाली. "लाईटवाल्याची हायत. उभा ऱ्हा."