बटाट्याचा ताप आणि आमची शीत-पाहणी

आमच्या खात्याचं काम एकच, माल नासू नये. माल किती टिकला देव जाणे, किस्से मात्र असे टिकलेत की कधीही काढावेत आणि ताजे निघावेत! हुसेनभाई आणि मी भेटलो की आमची ही आतूनच ओरडते, "आता जेवणं दोन तासांनी!" एकानं नुसतं 'बर्फ' म्हणायचं, दुसऱ्यानं 'कोट' म्हणायचं, की झालं.

नवीन मंडळींसाठी सांगतो. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. दिल्लीत कुणाच्या तरी मनात आलं की, देशात शेतमाल ठेवायला थंड खोल्या किती आणि तो न्यायला थंड गाड्या किती, हे एकदा मोजावं. जिल्ह्याजिल्ह्यांत पथकं नेमली. चिंचवड ते चाकण हा पट्टा आमच्याकडे आला. पथक म्हणजे तिघंच. करंदीकर साहेब, जे नियमाबाहेर शिंकतही नसत. जीप चालवणारे चाकणचे हुसेनभाई. आणि मी, कारकून. ऑफिस चिंचवडला, पत्र्याच्या शेडमध्ये. वैशाखात टेबलावरची शिक्क्याची लाख मेणबत्तीशिवाय पातळ व्हायची, आणि आम्ही तिथे बसून थंडीचा हिशेब करायचो.

मी टेंपररी होतो. तळेगावच्या एका मास्तरांची सुमन मला पसंत होती, तिलाही मी पसंत होतो. पण मास्तर कडक. "नोकरी कायम झाल्याचा कागद आणा, मग मुहूर्त बघू," म्हणाले. तेवढ्यात वरून पत्र आलं. पट्ट्यात जूनपर्यंत एकही शीतगृह सापडलं नाही, तर पथक बंद! म्हणजे माझं लग्न एका थंड खोलीवर अडलं होतं आणि ती खोली काही सापडत नव्हती. माझी झोप उडाली होती, खोटं कशाला बोलू?

*

पहिला किस्सा कोटांचा. थंड खोलीत उतरताना कर्मचाऱ्यांना गारठा बाधू नये म्हणून तीन लोकरी ओव्हरकोट मंजूर झाले होते. खोली सापडायच्या आधी कोट आले. तेही ऐन मे महिन्यात! सोबत सूचना : पाहणीच्या वेळी परिधान करणे सक्तीचे.

"साहेब, खोली सापडली की घालू," मी म्हटलं.

"पाहणी आत्ता चालू आहे की नाही?" साहेब म्हणाले.

गळ्यापर्यंत बटणं लावून आम्ही मोशीला उतरलो. दुपारचा एक वाजलेला. घामानं तिघंही निथळत होतो. पाटलांनी आम्हाला पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवून धावत आले. "आरं, हिवताप हाय ह्यास्नी! बाज टाका!" काही बोलायच्या आत आम्हाला आडवं केलं आणि वरून एकेक घोंगडी घातली.

साहेब घोंगडीतून ओरडले, "अहो, आम्हाला थंडी वाजत नाहीये! आम्ही नियमानुसार कोट घातलेत!"

पाटील बायकोकडे वळून म्हणाले, "बरळाया लागलं बग. आणखी एक घोंगडी आण."

*

मग थर्मामीटर. खात्यानं एक दिलं होतं, चांगलं वीतभर लांब. साठवलेल्या बटाट्यात खुपसायचं आणि आकडा लिहायचा. महाळुंग्याला साहेब एका ओट्यावर बसून अगदी गंभीरपणे बटाट्याचं तापमान घेत होते. एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "किती हाय वो ताप त्याला?"

"अठ्ठ्याऐंशी," साहेब सहज बोलून गेले.

म्हातारी गेली आणि नातवाला काखेत घेऊन आली. "बटाट्याचा बगताय, तर ह्याचा बी बगा की! दोन दिस झालं अंग तापतंय." साहेबांचं मन मऊ. त्यांनी काचेची नळी धुतली, पुसली आणि पोराच्या काखेत धरली. झालं, अर्ध्या तासात ओट्यापासून विहिरीपर्यंत रांग! ज्याला खरा ताप होता त्याला हुसेनभाईंनी जीपमधून चाकणच्या दवाखान्यात नेलं, हे मात्र चांगलं झालं. त्या दिवसाचा अहवाल मीच लिहिलाय, म्हणून पाठ आहे : 'तापमान घेतले – बटाटे तीन, मुले एकोणीस, म्हैस एक.'

दिल्लीहून कुणी काही विचारलं नाही. म्हशीबद्दलसुद्धा नाही.

*

विचारलं ते बैलाबद्दल! फॉर्मात एक प्रश्न होता : 'गावातील शीत-वाहतुकीची साधने किती?' महाळुंग्याच्याच एका शेतकऱ्यानं छाती पुढे काढून सांगितलं, "एक. आमची बैलगाडी."

"अहो, थंड गाडी पाहिजे," मी म्हटलं.

"मग थंडच हाय की! भाजीवर वलं बारदान टाकतो, ऊन उतारलं की गाडी जुपतो. पुण्याच्या मंडईत मेथी उतारली तर जुडीवर दव असतंय. तुमच्या मोटारीत ऱ्हाईल व्हय?"

साहेबांनी खूप विचार केला. माल थंड राहतो, हे खरं. वाहतूक होते, हेही खरं. त्यांनी लिहिलं : 'एक, बैलचलित.' महिन्याभरानं दिल्लीहून विचारणा आली : 'सदर वाहनाचा मेक आणि हॉर्सपॉवर कळवावी.'

साहेबांनी सरळ उत्तर पाठवलं : 'मेक – खिलार. हॉर्सपॉवर – घोडा नसल्याने लागू नाही.'

*

पिंपळे सौदागरला आम्ही प्रात्यक्षिक ठेवलं होतं. गारव्यानं भाजी कशी टिकते, ते लोकांना दाखवायचं. पुण्याहून बर्फाची लादी आणली, भुशात घालून, पोत्यात गुंडाळून. सरपंच म्हणाले, दोन शब्द बोलतो. ते दोन शब्द इतके लांबले की, पोतं उघडलं तेव्हा आत ओला भुसा होता आणि एक बिचारी कोथिंबिरीची जुडी.

लोक हसून घरी गेले. आमचे साहेब मात्र पांढरे पडले. लादी सरकारी होती! सरकारी वस्तू नाहीशी झाली तर पंचनामा हवा. त्यांनी दोन पंच पकडून आणले, पोत्याभोवती उभे केले आणि मला मजकूर सांगितला : 'आम्ही पंच समक्ष हजर राहून पाहणी केली असता जागेवर ओल आढळली. वस्तू कोणी नेल्याचा संशय नाही.'

एक पंच अंगठा उठवता उठवता म्हणाला, "साहेब, सूर्यनारायणाचं नाव टाका की! उगं आमच्यावर नगं याया."

*

हसत होतो खरे, पण जून उजाडला आणि थंड खोली अजून सापडलेली नव्हती. सुमनच्या घरी दुसरं स्थळ येऊन गेल्याचं कळलं. शेवटी हुसेनभाईच म्हणाले, "साहेब, आमच्या चाकणच्या सखाराम आप्पांचं अरण दाखवू या का?"

अरण म्हणजे आपल्याकडची जुनी रीत. आंब्याच्या दाट सावलीत उथळ खड्डा करायचा, पाणी मारून जमीन गार करायची, त्यात बियाण्याचे बटाटे रचायचे आणि वर कडुलिंबाचा पाला नि गवत. भर उन्हाळ्यात आत हात घातला की बोटं गार! साहेबांनी थर्मामीटर लावलं, आकडा बघितला आणि मान डोलावली. फॉर्मात लिहिलं : 'शीतगृह – एक.'

आठवड्यात तपासणीला मुंबईचे मोठे साहेब आले. सूट, टाय, लालबुंद चेहरा. ढिगाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "याला दार कुठाय?"

आप्पा म्हणाले, "दार कशाला? बटाटा पळून जातोय व्हय?"

घाम पुसत, टाय सैल करून मोठे साहेब अरणाला टेकून बसले. ओल्या मातीचा गारवा, वर आंबा. दोन मिनिटांत घोरायला लागले! तब्बल तीन तास. आप्पांनी कुणाला हूं की चूं करू दिलं नाही. उठल्यावर त्यांनी चहा घेतला, फॉर्म मागितला आणि शेरा मारला : 'स्वतः राहून खात्री केली. शीतगृह उत्तम चालू आहे.'

मग वरून हुकूम आला. पट्ट्यात शीतगृह उत्तम चालू असल्यामुळे पाहणीची गरज उरलेली नाही, सबब पथक बंद! खाली दुसरा परिच्छेद होता. सदर शीतगृहावर एक व्यवस्थापक कायम नेमण्यात यावा. खाली माझं नाव! करंदीकर साहेबांनी तो कागद मला दोनदा वाचून दाखवला, आणि मी चक्क रडलो.

मी कागद घेऊन थेट तळेगाव गाठलं. मास्तरांनी चष्मा लावून शिक्का तपासला. "कागद ठीक आहे," म्हणाले, "पण जावई काम करतो ती जागा मी डोळ्यांनी बघणार. मगच मुहूर्त."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चाकणला आप्पांच्या रानात गेलो. आंबा होता. आंब्याखाली नुसता खड्डा होता, आत एक कुत्रं झोपलेलं.

"आप्पा," मी कसंबसं विचारलं, "शीतगृह कुठं गेलं?"

"लावलं की रानात!" आप्पा म्हणाले. "बेनं हुतं ते. परवा पाऊस उघाडला, वाफसा आला, समदं लावून टाकलं. त्या बांधापासनं ह्या बांधापर्यंत तुमचंच हापिस हाय."

मी मास्तरांकडे बघेना. पण हजर तर व्हायलाच हवं, नाहीतर नेमणूक रद्द. बांधावर बसून रिपोर्ट लिहिला : 'आज सकाळी कामावर हजर झालो. शीतगृह सध्या जमिनीत आहे. पंधरा दिवसांत उगवेल.'

मास्तरांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. वाचला. सरींवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "पण नोकरी कायम?"

"कायम."

"मग उगवायच्या आत लग्न उरकून टाकू!"