थंडीतली फायनल, पावसात

बाकीच्या मुंबईत पावसाळ्यात मैदानं ओस पडतात. आमच्या अंधेरीच्या कोळीवाड्यात सगळं उलटं. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली, आणि एरवी समुद्रावर असणारे पुरुष दिवसभर घरात बायकांच्या पायात पायात. आमची आई तर दोन दिवसांत वैतागायची. "जावा ना खेळायला, डोकं नका खाऊ माझं!" मग ओल्या वाळूत कबड्डी सुरू व्हायची. मीही तिथेच शिकले, बाबांकडून. मुलगी म्हणून सूटबीट काही नाही हं! पकड बसली की नाकातोंडात वाळू.

घोडं अडायचं ते थंडीत. शाळांच्या स्पर्धा थंडीत, आणि तेव्हा बाबा होडीवर. ज्यांनी मला चढाई शिकवली, त्यांनी माझी एकही मॅच पाहिली नव्हती. बाकीच्या मुलींचे बाप कडेला उभे राहून ओरडायचे आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा. बिचाऱ्यांचा काय दोष, पण यायचा.

दहावीच्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. मैदान जोगेश्वरीच्या एका शाळेचं. त्याच आठवड्यात अवेळी वादळाचा इशारा आला आणि सगळ्या होड्या परत फिरल्या. वाळत घातलेल्या मासळीची वाट लागली, आई कपाळाला हात लावून बसली, आणि मी मात्र मनातून नाचत होते. बाबा घरी! फायनलच्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. आम्ही चपला घालतोय तोच सरांचा फोन आला. मैदानात पाणी साचलंय, मॅच पुढे ढकलली.

मी खिडकीतून त्या मेल्या पावसाला अशा काही शिव्या घातल्या की आईने पाठीत धपाटाच घातला.

मैदान वाळेपर्यंत समुद्रही निवळला आणि बाबा गेले. जाणं भागच होतं, धंदा आधीच बुडाला होता. मॅचमध्ये आम्ही एका गुणाने मागे होतो आणि शेवटची चढाई माझी. एकीला हात लावून वळले, तर तिघींनी मिळून धरलं. मध्यरेषा वीतभर लांब राहिली. हरलो.

सरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. बाबा आल्यावर मी तो त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, "ह्या डबड्यात काय दिसतंय? पाऊस लागू दे, तूच दाखव." मला वाटलं, विसरतील.

जूनमध्ये होडी वर ओढली त्याच संध्याकाळी त्यांनी वाळूत रेषा आखल्या. समोरच्या टीममध्ये काका आणि होडीवरचे खलाशी. बाबा स्वतः कडेला उभे. फायनलला कोण कुठे होती ते मी एकेकाला समजावलं. "काका, तुम्ही दोन वेण्यांवाली. कोपऱ्यात जा." मिशीवाले काका खरंच लाजले. मी दम घेतला, आत शिरले, एकाला हात लावला आणि वळले. तिघांनी धरलं. मी रेषेकडे सरपटत होते. काकांना दया आली असणार, त्यांनी माझा पाय हळूच सोडला.

"सोडू नको तिला!" बाबा कडाडले. "तिथं सोडलेली काय कोणी?"

काकांनी पुन्हा घट्ट धरलं. रेषा वीतभर राहिली आणि माझा दम संपला. शाळेच्या मैदानावर मी ओठ चावून गप्प बसले होते. इथे पालथी पडून ओक्साबोक्शी रडले.

बाबांनी मला उठवलं नाही. शेजारी फतकल मारून बसले आणि माझ्या केसांतली वाळू झाडत राहिले.

"हरलीस गं पोरी," ते म्हणाले. "पण काय खेळलीस! बघितली मी."