नथूकाकांची फेरी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची... सगळ्यांची टर उडवत आलोय. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण आता मनात ठेववत नाही.

आम्ही विरार पश्चिमेला, बोळिंजला राहतो. तळमजला आणि वर तीन मजले, सोळा फ्लॅट आणि सेक्रेटरी मी (दुसरं कोणी होत नव्हतं म्हणून!). ही इमारत नथूकाकांच्या भातशेतावर उभी आहे. त्या बदल्यात मिळालेल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये ते आणि काकी राहायचे. पंपरूमजवळ लोखंडी खांबावर एक हाताने फिरवायचा भोंगा होता. एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउट असायचा, तेव्हा एकोणीस वर्षांचे काका गावचे वॉर्डन होते. आधी भोंगा वाजवायचा, मग काठी घेऊन घरोघर फिरायचं. उजेड दिसला की दारावर दोनदा काठी आणि "दिवा झाका!" तेव्हाचा लोखंडी टोप त्यांनी जपला होता. भोंग्याला दर रविवारी तेल घालायचे.

दोनेक वर्षांपूर्वी काकांना विसरायला होऊ लागलं. रोज संध्याकाळी साडेसातला टोप घालून ते फेरीला निघायचे. लोक चांगले, दिवा घालवायचे आणि काका पुढे गेले की परत लावायचे. मीही तेच करायचो.

एका संध्याकाळी माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. दार उघडंच होतं. काका आत आले, म्हणाले, "पोरा, उजेड पार खाडीवरना दिसतंय," आणि सरळ हॉलचा स्विच बंद केला! अंधारात पोह्यांची डिश कुणाच्या तरी मांडीवर सांडली. मी दिवा लावला आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "लढाई संपून पन्नास वर्षं झाली, काका! परत माझ्या दारात यायचं नाही."

काकांनी टोप काढून हातात घेतला.

"बरं, सेक्रेटरीसायब. नाय येनार."

एरवी ते मला 'पोरा'च म्हणायचे.

पाहुण्यांना उलट गंमत वाटली. लग्नही तिथंच जमलं. म्हणजे नुकसान काहीच झालं नव्हतं! पण मी तोऱ्यात. पुढच्या मीटिंगमध्ये टू-व्हीलर पार्किंगसाठी भोंगा काढायचा ठराव मीच मांडला. काका कोपऱ्यात बसून होते. ठराव पास झाला, भोंगा निघाला. फेरीही बंद झाली. गणपतीत जाऊन माफी मागू असं मनात होतं... गणपतीच्या आधीच काका गेले.

पुढे सात-आठ महिन्यांनी सरकारकडून ब्लॅकआउटच्या मॉक ड्रिलची सूचना आली. संध्याकाळी आठला सगळ्यांनी लाइट बंद करायच्या. मेंबरांना कळवायचं काम माझं. मेसेज टाइप केला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि पाठवायचा राहिला. सरळ सांगतो, विसरलो.

आठ वाजून पाच मिनिटांनी समोरच्या इमारतीतल्या मित्राचा फोन. "अरे, अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुझीच लाइट चालू आहे!"

ड्रिल संपल्यावर खाली गेलो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माणूस पाठवून कळवलंत ते बरं केलंत." कसला माणूस? त्या सांगू लागल्या, दारावर काठी दोनदा वाजली, 'दिवा झाका' असा आवाज आला, उघडून बघितलं तर जिना रिकामा. दुसऱ्या मजल्यावर महिन्यापूर्वी सोलापूरचं कुटुंब भाड्याने आलंय. त्यांनी काकांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. त्यातली बाई हसत म्हणाली, "आजोबा किती गोड बोलतात हो! 'दिवा झाक गो बाय' म्हणाले."



वॉचमन असेल म्हणावं, तर तो गेटवरच होता. बातमी टीव्हीवर होती, कोणीतरी मस्करी केली असेल, असंही म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवशी घरोघर विचारलं. काठी सगळीकडे वाजली होती, फक्त आमच्याकडे नाही. बायको दारालगतच भाजी निवडत बसली होती. तिला समोरच्या दारावरचीही ऐकू आली नाही.

शेवटी काकींकडे गेलो.

"माज्याकडं पन आला ना," काकी म्हणाल्या. "तुज्याकडं कसा येल? तूच नको बोल्ला व्हतास."

रागाने नाही, अगदी सहज म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. मला तिथंच रडू फुटलं.

उलगडा आजही झालेला नाही. कोणी पटेल असं काही सांगितलं तर ऐकेन. 'चुकलो, काका' एवढंच म्हणायचं होतं हो मला. त्यासाठी ते एकदा तरी दारात यायला हवे होते.