पस्तीस खुणा आणि एक सोनूबाई

मनोरीच्या बळवंत तांडेलला यादी केल्याशिवाय घास उतरत नसे. बाजाराची यादी, फराळाची यादी, लग्नातल्या आहेराची यादी. काम झालं की लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण. चारकोपला घर मिळालं तेव्हा टेम्पोतून सामान उतरताना हा पाटावर बसून खुणा करत होता, आणि त्याची बायको मथुरा एकटी कपाट ओढत होती.

अंधेरीच्या कंपनीनं त्याला जुन्या नोंदींच्या टेपा सांभाळायच्या खोलीतून उचलून कॉम्प्युटरवर बसवलं ते याच गुणामुळे. परदेशच्या गिऱ्हाइकानं एक प्रोग्राम पाठवला होता; पण तो मशीनच्या भाषेत गेलेला, माणसाला वाचता न येणारा. मूळ लिखाण दिलंच नव्हतं. चाचणीत त्याचा कुठला भाग चालला आणि कुठला नुसता पडून राहिला, हे सांगणारं हत्यार बळवंतला बनवायचं होतं. देवाची कृपा इतकीच, की फाइलीच्या पोटात भागांची नावं आणि पत्ते शाबूत होते. त्यानं नावं उपसली, तीनशे बारा भरली. प्रत्येक पत्त्यावर पाळत ठेवली. प्रोग्राम तिथून गेला की नावापुढे खूण. सगळ्या खुणा पडल्या. शंभर टक्के!

शुक्रवारी शिवदास साहेबांनी वेगळे आकडे घालून तोच प्रोग्राम चालवला, तर तो मधेच आडवा झाला. कुठे, तर यादीत ज्याचं नावच नाही अशा जागी.

"तुझी यादी म्हणते सगळं तपासलं," साहेब म्हणाले. "सोमवारी सांग खोटं कोण बोलतंय. नाहीतर टेपांची खोली आहेच."

मथुरेनं रविवारी सत्यनारायण घातला. प्रसादवाटप बळवंतकडे. त्यानं सोसायटीच्या दारावरच्या पाटीवरून नावं उतरवून घेतली, पस्तीस. घरोघरी द्रोण पोचले, खुणा पडल्या. स्वतःचं नावही पाटीवर होतं म्हणून एक द्रोण उभ्याउभ्या खाल्ला आणि तिथेही खूण केली. पातेलं रिकामं झालं. हिशेब चोख.

संध्याकाळी कळलं, की त्याची आई सोनूबाई, जिनं पहाटेपासून रवा भाजला होता, भिंतीकडे तोंड करून बसलीय. चहा नको, भाकरी नको. आज उपास आहे म्हणाली. प्रसाद मिळाला की सोडीन.

बळवंतनं यादी पुढे केली. पस्तीसपैकी पस्तीस, चूक कुठे आहे दाखवा.

"अहो, पाटी बाहेरून येणाऱ्यासाठी असते," मथुरा म्हणाली. "घरातल्या घरात हाक मारायच्या माणसाचं नाव पाटीवर कशाला असेल?"

बळवंतची पेन्सिल हातातच राहिली. मथुरेनं शेजारच्या शकूकडून अर्धा द्रोण परत मागून आणला, सोनूबाई जेवली, तरी तो हातातली यादीच उलटसुलट बघत होता.

सोमवारी ऑफिसात त्यानं फाइलीच्या पोटातली सगळी यादी पुन्हा काढली. प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी अक्षर होतं. बाहेरच्यांनी हाक मारायच्या भागापुढे मोठा टी, आपल्याच घरात राबणाऱ्यापुढे लहान टी. बळवंतनं मोठे तेवढेच उचलले होते. लहान धरून नावं झाली चारशे सत्त्याऐंशी; चाचणी पुन्हा चालवली तर लहानांतल्या थोड्यांपुढेच खूण पडली, आणि शंभराचे टक्के एकाहत्तरावर आले.

"घसरले की रे," साहेब म्हणाले.

"खरे झाले, साहेब." आणि बिनखुणेच्या एका नावावर त्यानं बोट ठेवलं. प्रोग्राम आडवा झालेली जागा बरोब्बर त्याच्याच पोटात होती.

साहेबांनी चष्मा पुसला, आणि टेपांच्या खोलीसाठी दुसरा माणूस शोधायला सांगितलं.

घरी त्यानं सगळं आईला समजावलं. मशीनमध्ये आपण लहान टी आहोत हे सोनूबाईला फारसं रुचलं नाही.

"त्या बाकीच्या लहानग्यांकडे पण बघणार ना आता?"

"एकेकाकडे, आई."

"मग बघून झाल्यावर खूण कर," ती म्हणाली. "आधी नको."